संध्याकाळची गोळी

लिंबागणेश, जि. बीड
९ नोव्हेंबर २००६

ती. अक्कास नमस्कार.

परवा तुझ्याकडून निघालो ते दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. बस्त्याचा माल संगं होता म्हणून कुणी काही विचारलं न्हाई. आप्पांनी एक गठ्ठा सोडला, साड्यांचा पोत बघितला आन म्हणाले, "दर महिन्याला सोलापूर कावून? बीडला कापड मिळत न्हाई का?" मी म्हणालो, अक्काच्या वळखीचा व्यापारी हाय, माल चांगला देतो.

फोन का करत न्हाईस म्हणून तू रागावलीस. अक्का, फोन दुकानात, आन फोनाशेजारी आप्पा. मोबाईल घेतला तर तो घरातलं कुणी बी उचलतं. त्यापेक्षा कागद बरा. पोस्टमन माझ्याच हातात देतो आन आप्पांना आता बारीक अक्षर दिसत न्हाई.

गोळ्यांची फिकीर करू नको. डबी नऊवारी लुगड्यांच्या खोक्यामागं ठिवलीय. आप्पांची लिंगपूजा होईस्तोवर घरात कुणी पाण्याचा थेंब घेत न्हाई, हे तुला म्हाईत हाय. म्हणून मी झाडलोटीचं निमित्त काढून आधीच दुकानात जातो आन सकाळची गोळी तिथं घेतो. संध्याकाळची दुकान वाढवल्यावर. दवाखान्यातल्या बाईंनी रिकामी डबी बघून शाबासकी दिली, ती तुझ्यासमोरच दिली.

वजन उतरलंय हे खरं हाय. गिऱ्हाईक बी विचारायला लागलंय. मी म्हणतो, सिझन हाय, दगदग होती.

मला एचआयव्ही हाय ही खबर तुला, भाऊजींना आन दवाखान्याला. चौथ्याला न्हाई. शिवानीला तर न्हाईच न्हाई. वाचून झाल्यावर हे पत्र चुलीत घाल.

तुझा
केदार


सोलापूर
२८ नोव्हेंबर २००६

चि. केदार, अनेक आशीर्वाद.

तुझा रक्ताचा रिपोर्ट आणायला मी शाळेतून परस्पर गेले होते. पेशी वाढायच्या सोडून घटल्या आहेत. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "बाई, तुमचा भाऊ गोळ्या खरंच खातो का? की फेकून देतो?" मला राग आला. म्हटलं, साहेब, आमच्या घरात खोटं बोलायची रीत नाही. तर ते एवढंच म्हणाले, हे औषध अर्धंमुर्धं घेतलं तर रोगाला त्याची सवय होते, आणि एकदा सवय झाली की मग पूर्ण घेऊनही उपयोग नाही. याच्या पुढचं दुसरं औषध आपल्याकडे अजून फुकट मिळत नाही.

तेव्हा मला खरं सांग. विसरतोस का? कुणी आलं की टाळतोस का? उपासाच्या दिवशी राहते का? मी रागावणार नाही.

आणि दुसरं. शिवानीला तपासणीला आण. लग्नाला तीन वर्षं झाली, तुझं कळून वर्ष होत आलं. दवाखान्यात बायकोचं विचारतात तेव्हा ती माहेरी आहे म्हणून सांगतोस. किती दिवस सांगणार? तिलाही असेल तर तिलाही औषध मिळेल. तिला अंधारात ठेवायला मीही तुला साथ देते आहे, आणि हे मला आता सोसत नाही. परवा आईचा फोन आला, नातवंडाचं विचारत होती. मी काय सांगायचं?

तुझी
अक्का


लिंबागणेश
६ जानेवारी २००७

ती. अक्का,

पत्राला उशीर झाला. लग्नसराई हाय.

गोळी चुकत न्हाई. डबीतली एकबी गोळी वाया गेली न्हाई, हे आप्पांच्या गळ्यातल्या लिंगाची आन घेऊन सांगतो. डॉक्टरांना काय म्हणायचंय ते म्हणू दे.

शिवानीचं तू सारखं सारखं लिहू नको. तपासणी म्हणजे तिला सांगणं आलं. सांगितलं की ती तेलगावला बापाकडं जाणार, तिचा बाप भावकी घेऊन येणार, आन मग आपल्या हातचं कापड गावात कोण घेईल? आप्पा तोंड कुठं लपवतील? वर्ष झालं, मी तिच्याजवळ जात न्हाई. ती काय समजती ते तिलाच ठावं. पण तिची काळजी मी घेतोय अक्का. तुला वाटती त्यापेक्षा जास्त घेतोय. एवढ्यावर इश्वास ठेव.

केदार


लिंबागणेश
१२ फेब्रुवारी २००७

सौ. अक्का यांस,
शिवानीचा नमस्कार.

मी तुमाला कधी पत्र लिहिलं न्हाई, म्हणून नवल वाटंल. ह्यांच्या दुकानातल्या वहीवरून तुमचा पत्ता घेतला. ह्यांना सांगू नका.

माझी तब्येत बरी न्हाई. चार पायऱ्या चढले की धाप लागती. परवा पाणी शेंदताना डोळ्यांपुढं अंधारी आली आन शेजारच्या साखराबाईनं धरलं म्हणून, न्हाईतर आडातच गेलते. नखं पांढरीफट पडल्यात. गावातल्या डॉक्टरांनी डोळ्याची पापणी वढून बघितली आन म्हणाले, रक्त लई कमी झालंय.

मला नवल ह्याचंच वाटतं. कारण रक्तवाढीची गोळी तर मी रोज खाते. गेल्या उन्हाळ्यापासून हे मला आणून देतात. दुकान वाढवून आले की खिशातून कागदाची पुडी काढतात. एकच गोळी, मोठी, पांढरी. मी ती गिळस्तोवर हे समोरून हालत न्हाईत. मागं मला कडू लागली म्हणून थुकायला गेले, तर ह्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, शिवानी, माझी आन हाय, ही टाकू नको, लई मुश्किलीनं मिळती. सोलापूरहून तुमच्याकडूनच आणतात ना ती? म्हणूनच तुमाला विचारते. दुसरी कुठली चांगली गोळी असली तर सांगा, ही मला मानवत न्हाई.

अजून एक. लिहू का नको असं झालंय. सासूबाई पाळण्याचं विचारतात. अक्का, हे माझ्याशी चांगले हायत. मारणं न्हाई, बोलणं न्हाई. पण वरीस झालं, हे दुसऱ्या खोलीत झोपतात. माझं काय चुकलं ते मला कळंना. तुमी बहीण हायत, तुमाला काही बोललेत का?

तुमची
शिवानी


सोलापूर
१७ फेब्रुवारी २००७

केदार,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही.

शाळेतून आले, दारातच शिवानीचं पत्र मिळालं. उभ्यानं वाचलं आणि उंबऱ्यावरच बसले. तुझे भाऊजी घाबरले, कुणी गेलं का म्हणून विचारायला लागले. मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

सकाळची तू खातोस आणि संध्याकाळची तिला देतोस. होय ना? म्हणून डबी बरोबर रिकामी होते. म्हणून तुला आन घेता आली. आणि मी त्या डॉक्टरांपुढे ताठ मानेनं सांगत होते की आमच्यात खोटं बोलायची रीत नाही.

अरे, तू काय केलंस? तिला विचारलं नाहीस, तिची तपासणी केली नाहीस, आणि कुठल्या रोगाचं ते न सांगता तिच्या पोटात औषध घातलंस. दवाखान्यातल्या बाईंनी पहिल्याच दिवशी तुला सांगितलं होतं की या गोळीनं काहींचं रक्त घटतं, धाप लागली तर लगेच या. मी शेजारीच बसले होते. रक्तवाढीची म्हणून तू तिला तीच दिलीस. पोरगी आडात पडता पडता वाचली.

आणि तू स्वतः आठ-नऊ महिने अर्ध्या औषधावर आहेस. डॉक्टर म्हणाले होते ते आता मला कळतं आहे.

आज संध्याकाळपासून तिला गोळी देऊ नकोस. येत्या शनिवारी तिला घेऊन सोलापूरला ये. वाटेत सगळं सांग. नाही आलास तर मी स्वतः येईन आणि आप्पांसमोर बोलेन.

अक्का


लिंबागणेश
२६ फेब्रुवारी २००७

ती. अक्का,

तुझं पत्र मिळालं त्याच्या आदल्या दिवशीच शिवानी तेलगावला गेली, म्हणून शनिवारी आलो न्हाई.

ती पुन्हा चक्कर येऊन पडली. मी अंबाजोगाईला माल द्यायला गेलतो. आई तिला जीपनं बीडला घेऊन गेली. मी आलो तर आई एकटीच. म्हणाली, डॉक्टरांनी रक्ताची बाटली लावली, तिचे वडील येऊन तिला तेलगावला घेऊन गेले. बाकी आईला काही ठावं न्हाई. पण निघताना शिवानी तिच्या पाया पडली न्हाई, हे आईनं तीनदा सांगितलं.

मी फोन केला. ती आली फोनवर. मी म्हणालो, शिवानी. मी म्हणालो, अक्काचं पत्र आलंय, तुला सोलापूरला न्यायचंय. तर म्हणाली, "अक्काला म्हाईत व्हतं?" मी होय म्हणालो. तिनं फोन ठिवला.

तू विचारतीस काय केलंस. सांगतो. पहिली डबी मिळाली तवा मला वाटलं, मला हाय म्हणजे तिला असणारच. मी दिलेलं. आता मी एकटा दोन येळा औषध खाऊन नीट व्हायचं, आन ती माझ्या डोळ्यांदेखत वाळत जायची? माझ्यानं ती गोळी गिळवंना. मग अर्धं अर्धं केलं. मला वाटलं, जेवण बी घरात कमी असलं तर वाटूनच खातो की आपण. दवाखान्यात ते काय सांगायचे ते मी ऐकायचो, पण डोक्यात शिरायचं न्हाई. डोक्यात एकच, की तिला न सांगता तिला वाचवायचं.

तिचं काय निघालं ते मला अजून कळलं न्हाई. फोन कुणी उचलत न्हाई. आप्पा विचारतात, सून कवा येणार. रोज संध्याकाळी अंगात ताप भरतो.

केदार


तेलगाव, जि. बीड
१५ मार्च २००७

सौ. अक्का,

मी पत्र तुमाला लिहिलं, उत्तर तुमी त्यांना लिहिलं. ह्याचं मला सगळ्यात जास्त लागलं. म्हणून पहिलं हेच लिहिते.

बीडला काय झालं ते ऐका. आदल्या संध्याकाळी मला मळमळत व्हतं म्हणून मी गोळी गिळली न्हाई, ह्यांना दारात गिऱ्हाईकानं हाक मारली तेवढ्यात पदराच्या गाठीला बांधली. डॉक्टरांनी विचारलं, काय औषध चालू हाय? मी गाठ सोडून दाखवली. त्यांनी गोळी तळहातावर घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आन विचारलं,

"ही कोण देतं?"

"मालक देतात."

"त्यांना काय आजार हाय?"

"काहीच न्हाई. मला रक्त कमी हाय म्हणून देतात."

डॉक्टरांनी सासूबाईंना भाईर बसायला सांगितलं. दार लोटलं. मग म्हणाले, बाई, ही एचआयव्हीची गोळी हाय. एड्सची.

मला पहिल्यांदा वाटलं, दुकानदारानं चुकून दुसरी गोळी दिली आसंल. मी तसं म्हणाले बी. डॉक्टर म्हणाले, ही दुकानात अशी मिळत न्हाई. मग मला एक एक करून सगळं उमगत गेलं. दुसरी खोली. दर महिन्याचं सोलापूर. समोर बसून गोळी गिळायला लावणं. मी खुर्चीला धरून बसले.

रक्त तपासलं. आम्ही कागदाची वाट बघत बसलो. सासूबाई शेजारी बसून मला मोसंबी सोलून देत व्हत्या, आन मला वाटत व्हतं, मी मेलेली हाय आन हे ह्यांना अजून कळलं न्हाई.

अक्का, मला काही न्हाई. माझ्या रक्तात ती बिमारीच न्हाई. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा म्हणाले, पण आज न्हाई. डॉक्टर म्हणाले, या गोळीनंच तुझं रक्त आटलं. बंद कर, भरून येईल. एवढं बोलून ते पेन टेबलावर ठेवून माझ्याकडं बघत बसले.

जिला रोग न्हाई तिनं औषध खाल्लं, आन ज्याला रोग हाय त्याला ते पुरलं न्हाई. हे मी इथं कुणाला सांगू? बाबांना रक्त कमी झालं एवढंच सांगितलंय. आई शेंगदाणा-गूळ खायला घालती. मी खाते.

ह्यांना माझा निकाल तुमीच कळवा. मला त्यांच्याशी बोलायचं न्हाई.

शिवानी


सोलापूर
२२ मार्च २००७

चि. सौ. शिवानी,

तू लिहिलंस ते बरोबर आहे. तुझं पत्र वाचून मला पहिल्यांदा माझा भाऊ आठवला, तू आठवली नाहीस. उत्तर तुला द्यायला हवं होतं. त्याआधी वर्षभर तोंड उघडायला हवं होतं. त्यावर माझ्याजवळ काही बोलायला नाही.

तुझा निकाल मी केदारला फोनवर सांगितला. आप्पा शेजारी होते की नव्हते, ते मी विचारलं नाही. मग त्यानं विचारलं, "म्हणजे तिला लागतच नव्हती?" मी म्हटलं, नव्हती. त्यानं पुन्हा तेच विचारलं. मग फोन तसाच सुटला असावा, कारण मला दुकानातल्या गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकू येत राहिलं.

त्याला मी परवा दवाखान्यात नेलं. आता तो दोन्ही वेळची गोळी घेतो आहे, पण डॉक्टर म्हणतात उशीर झाला असेल. फुफ्फुसात क्षय निघाला. त्याचं औषध वेगळं सुरू केलं. पुढचं औषध मुंबईला सुरू होणार असं ऐकू येतं, कधी ते कुणाला माहीत नाही.

मी तुला त्याच्याकडे जा असं म्हणणार नाही. कुणी म्हटलं तरी ऐकू नकोस. रक्त वाढव, पुन्हा तपासणी कर, आणि जे करशील ते तुझ्या मनानं कर.

बसम्मा (अक्का)


लिंबागणेश
९ जुलै २००७

सौ. अक्का,

पत्त्यावरून तुमाला कळलंच आसंल मी कुठं हाय. कशी आले ते तुमाला त्यांनी सांगितलं नसंल, म्हणून मी सांगते.

जूनमध्ये माझी दुसरी तपासणी झाली. काही न्हाई. त्याच आठवड्यात केदारनाथ तेलगावला आले. मी आता त्यांना नावानंच लिहिणार. अंगावर शर्ट नुसता टांगल्यासारखा. माझे बाबा आन भाऊ वसरीवर व्हते. मला वाटलं, मला बोलवून घेतील, कोपऱ्यात माफी मागतील. तसं काही केलं न्हाई. उभ्यानंच बाबांना म्हणाले, "मला एचआयव्ही हाय. तुमच्या मुलीला न्हाई. मी तिला न सांगता माझं औषध चारलं, म्हणून तिचं रक्त गेलं. तिचा काही दोष न्हाई, हे सांगायला आलो."

भाऊ अंगावर धावून गेला. बाबांनी त्याला धरलं. मग बाबांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठिवली आन तिच्याकडंच बघत बसले. आई आतून भाईर आली न्हाई. पाव्हण्याला पाणी द्यायचं कुणालाच सुचंना, का सुचून बी कुणी हाललं न्हाई, देव जाणे. तांब्या मीच नेला.

मी त्यांना विचारलं, "मला तपासायला नेलं असतं तर?"

म्हणाले, "तुला निघालं असतं तर मी तुझा मारेकरी ठरलो असतो. नसतं निघालं तर तू गेली असतीस. मला दोन्ही नको व्हतं."

"म्हणून माझं रक्त गेलं तरी चालंल?"

ते पाणी पिले आन स्टँडकडं चालायला लागले. वाटंत लिंबाच्या बुडाला दोनदा बसले. मी दारातून बघत व्हते.

बाबा म्हणाले, सोडचिठ्ठी घेऊ, तुझं वय काय झालंय. बरोबर बोलले. तो कागद मी करणार हाय, आन हे मी केदारनाथांना सांगितलंय. पण आधी इथं आले. उंबऱ्याच्या भाईर उभं राहून आप्पांना म्हणाले, आप्पा, तुमच्या मुलाला काय झालंय ते मी सगळं सांगते, ऐकायचं असलं तर आत येते. आप्पा म्हणाले, ये. सांगितलं. सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या त्या बसल्याच. आप्पा उठून दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं न्हाई.

आता गावाला कळलंय. बस्त्याला येणारी काही घरं वाट बदलून जातात. साखराबाई मात्र येती, भाकरी घेऊन येती, आन बसून जाती. गोळ्या आता देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर उघड्या असतात. मी सासूबाईंच्या खोलीत झोपते.

लोक म्हणतात, पोरगी लई मोठ्या मनाची, नवऱ्यासाठी परत आली. तसं काही न्हाई. मला त्यांचा राग हाय, अजून जेवताना घास अडकतो एवढा राग हाय. तेलगावला बसून मी तो राग कुणावर काढू? ते मेले तर मी भांडू कुणाशी? म्हणून ते जगावेत असं मला वाटतं. हे खरं कारण हाय, आन ते मी फक्त तुमाला लिहिते, कारण तुमच्यावरबी माझा राग हाय.

पुढच्या मंगळवारी मुंबईच्या दुसऱ्या औषधाच्या चिठ्ठीसाठी त्यांना सोलापूरला आणते. चिठ्ठी मिळंल का न्हाई, डॉक्टर सांगत न्हाईत. सकाळच्या एसटीनं निघू. तुमी स्टँडवर या, त्यांना धरायला दोन माणसं लागतात.

शिवानी